मोहोड मॅडमचं भेव

अमरावती-अकोला रस्त्यानं आजवर जेवढी माणसं बसमधून गेली असतील, त्यांत सगळ्यांत भित्रं माणूस कोण, असं कोणी मला विचारलं तर मी डोळे मिटून मोहोड मॅडमचं नाव घेईन. आणि त्याच रस्त्यावर सगळ्यांत जास्त माणसांना घाम कोणी फोडला, असं विचारलं तर डोळे न उघडता पुन्हा तेच नाव घेईन. मी अकोल्याच्या बाजारातला दलाल माणूस. तूर, हरभरा, सरकी यांचे भाव बोलता बोलता गोष्ट थोडी फुगवून सांगायची जिभेला सवय आहे. पण मॅडमच्या भीतीत फुगवायला जागा नव्हती. ती आधीच काठोकाठ भरलेली.

शालिनी मोहोड हे पूर्ण नाव. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली लेक, अमरावतीच्या एका लॉ कॉलेजात शिकवायच्या. विषय आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा. विषय ऐच्छिक, म्हणून वर्गात पोरं तीन. एक त्या खोलीतला पंखा चांगला म्हणून बसायचा, दुसरा पहिल्याचा मित्र म्हणून, आणि तिसऱ्यानं फॉर्म भरताना चुकीच्या चौकटीत खूण केली होती. पण दिवाळीच्या सुट्या लागेपर्यंत तिघांची अशी गत झाली की एसटीचं तिकीटसुद्धा मागची बाजू वाचल्याशिवाय खिशात घालेनात. त्यातल्या एकानं म्हणे स्वतःच्या साखरपुड्याच्या आमंत्रणातल्या 'आगत्य यावे' या शब्दांवर हरकत घेतली. यजमानावर अमर्याद जबाबदारी येते म्हणून.

दर बुधवारी मॅडम अकोल्याला यायच्या. दालमिलवाले, कापसाचे जिनिंगवाले, सरकीची ढेप विकणारे, ज्यांचा ज्यांचा माल समुद्र ओलांडून जायचा किंवा यायचा, त्यांचे कागद वाचून द्यायच्या. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, खांद्यावरची पिशवी मात्र सरकीच्या पोत्याएवढी. त्या पिशवीत प्रत्येक गोष्ट दोन होती. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन पाण्याच्या बाटल्या, एकाच कराराच्या दोन प्रती.

"मॅडम, दोन चष्मे काहून?" मी एकदा विचारलं.

"एक फुटला तर?"

"अन् दुसराबी फुटला तं?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या बुधवारी पिशवीत तीन चष्मे होते.

बसमध्ये त्या पुढे बसत नसत, कारण धडक समोरून होते. मागे बसत नसत, कारण धडक मागूनही होते. खिडकीशी नाही, दाराशी नाही. एवढं वजा करून जी सीट उरेल ती मिळेपर्यंत त्या बसा सोडत राहायच्या. बडनेऱ्याच्या फाट्यावर त्यांनी एकदा सलग अकरा बसा सोडल्या. बाराव्या बसचा कंडक्टर खाली उतरून हात जोडून म्हणाला, "बाई, गाडी तुमच्याच हिशोबानं बनवून आणतो, पन आज एवढ्यावर चाला."

त्यांचं एक वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ होतं. "गावंडे, भीती आगाऊ भोगून घ्यावी. संकट आल्यावर घाबरायला वेळ मिळत नाही." गावंडे म्हणजे मी.

आमची ओळख झाली तीच मुळी बाजारात. आमच्याकडे जुने व्यापारी अजूनही सौदा रुमालाखाली करतात. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. एका सकाळी ही ठेंगणी बाई पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आली आणि म्हणाली, "मला सौदा कसा होतो ते समजून घ्यायचंय." मी म्हटलं बघा, सगळे तेच करतात. तर म्हणे, "बघून नाही. हात घालून." भर बाजारात बाईमाणसानं रुमालाखाली हात घातला त्या क्षणाला तुरीचा भाव जागेवर थिजला, हमालांच्या पाठीवरची पोती पाठीवरच राहिली, आणि समोरच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला आपली बोटं किती हेच आठवेना.

मॅडमनं हात बाहेर काढला, रुमालानं पुसला आणि विचारलं, "हा सौदा झाला?"

"झाला."

"पुरावा काय?"

"पुरावा?" म्हातारा हसला. "हे बोट हाये ना बाई."

"उद्या वाद झाला तर बोट लंडनला पाठवाल?"

म्हाताऱ्यानं मूठ मिटली ती दुपारपर्यंत उघडली नाही. जेवला तोही डाव्या हातानं.

लंडनचं असं होतं की आमच्या लोकांना त्याचं कौतुक. परदेशी करारांच्या पोटात एक ओळ असते, की भांडण झालं तर अमुक शहरात अमुक संस्थेचे पंच निवाडा करतील. एका जिनिंगवाल्यानं ती ओळ पेढे वाटून दाखवली होती. "मॅडम, आपली भांडनं आता लंडनले!"

"तिथं भांडायला कोण जाणार?"

"तुमी."

"माझ्याकडे पासपोर्ट नाही. विमानाची मला भीती वाटते."

"मंग कसं करता?"

"म्हणून तर भांडण होऊ नये असं लिहून देते. सही करू नका आज. घरी जा. दोन दिवस घाबरा. मग या."

तो खरंच घाबरला. दोन दिवस सांगितले होते, आठ दिवस आला नाही.

त्यांना दिल्लीलाही बोलावणं आलं होतं. एका परदेशाशी आपल्या सरकारची व्यापार-कराराची बोलणी चालली होती, आणि त्यातल्या गुंतवणुकीच्या भागाबद्दल जाणकारांचं मत हवं होतं. मॅडम रेल्वेनं गेल्या. मला वाटलं, बाई आता तिथल्या वातानुकूलित खोलीत थंडीनं आणि भीतीनं एकदमच गोठणार. परत आल्या तेव्हा त्यांना बसवेना. टपरीवर चहा घेतला, तोही कपात तसाच.

"काय झालं मॅडम?"

"मसुद्यात लिहिलंय की परदेशी गुंतवणूकदाराला इथल्या सरकारी निर्णयामुळे तोटा झाला तर तो देशावर दावा लावू शकतो, आपल्या कोर्टात नाही, बाहेरच्या पंचांपुढे. मी उठले. विचारलं, सरकारी निर्णय म्हणजे कोणाचा? म्हणाले, केंद्राचा, राज्याचा, इत्यादी. मी विचारलं, हे 'इत्यादी' कोण? आमच्या चांदूर बाजारच्या बाजार समितीचा ठराव यात येतो का?"

"मंग?"

"एक मोठे साहेब हसले आणि म्हणाले, सैद्धांतिकदृष्ट्या."

"म्हनजे नाही येत?"

मॅडम माझ्याकडे अशा पाहत होत्या जणू मीच तो मसुदा लिहिला. "सैद्धांतिकदृष्ट्या म्हणजे येतो, गावंडे. फक्त अजून कोणाचा आलेला नाही."

मग त्या गप्प बसल्या नाहीत. सुटीच्या दिवशी स्वतःच्या खर्चानं शेअर-जीपमध्ये मधली सीट पकडून गावोगाव फिरल्या. दर्यापूर, चांदूर बाजार, चांदूर रेल्वे. समित्यांत, पंचायतींत बसून सांगायच्या, की बाबांनो, ठराव कारण लिहून करा, सगळ्यांना सारखा लावा, आज एक उद्या एक करू नका, तुमच्या शाईचे शिंतोडे देशावर उडू शकतात. लोक हसले. पण एका समितीच्या सचिवाला त्याचा असा धसका बसला की त्यानं ठरावाची वही कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली बायकोकडे दिली. पुढचे दोन महिने त्या समितीत चहा मागवायचा ठरावसुद्धा झाला नाही. सभासद घरून थर्मास आणत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग रमेशभाऊ टापऱ्यांचा मामला झाला, आणि त्यानंतर मॅडमच्या भीतीला हसायची माझी हिंमत झाली नाही.

रमेशभाऊंची अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिल. मोठी नाही, पण साठेक बायका तिथं डाळ पाखडून, निवडून आपापली चूल चालवतात. रमेशभाऊ आफ्रिकेतली तूर एका परदेशी विक्रेत्याकडून मागवायचे. त्या वर्षी कंटेनर मुंबईच्या बंदरात उतरले. करारात लिहिल्याप्रमाणे तपासनिसानं नमुना काढला, तीन पिशव्या भरल्या, तिन्हींवर लाखेचं लाल सील मारलं. एक विक्रेत्याला, एक तपासनिसाकडे, एक रमेशभाऊंना. ही सीलबंद पिशवी म्हणजे मालाची जबानी. वाद झाला तर तीच बोलणार.

आता टापऱ्यांच्या घरची रीत ऐका. आजोबांपासून त्या घरात नवीन माल आला की पहिली मूठ स्वयंपाकघरात जाते. माल कसा आहे हे डोळ्यांनी ठरत नाही, चुलीवर ठरतं. रमेशभाऊंनी पिशवी घरी नेली, लाख फोडली आणि बायकोला म्हणाले, "मंदे, घुगऱ्या टाकून पाय." तूर शिजलीच नाही. जुना, मुरलेला माल. रमेशभाऊंनी ते कंटेनर घ्यायला नकार कळवला आणि निश्चिंतपणे जेवायला बसले.

सहा आठवड्यांनी लंडनहून नोटीस आली. विक्रेत्याचं म्हणणं, माल कराराबरहुकूम होता, यांनीच सौदा मोडला. निवाडा विरुद्ध गेला तर त्यातली भरपाई पेलणं रमेशभाऊंच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि ती भरली नाही तर नाव त्या संस्थेच्या यादीत लागणार. ती यादी जगभरातल्या धान्य विकणाऱ्यांकडे जाते. यादीत नाव असलेल्याला कोणी एक दाणा विकत नाही. बाहेरची तूर बंद म्हणजे मिल बंद.

बुधवार होता. मिलच्या वरच्या मजल्यावरचं ऑफिस. मॅडमनं नोटीस वाचली, चष्मा बदलून पुन्हा वाचली, आणि एकच प्रश्न विचारला.

"आपल्याकडची सीलबंद पिशवी कुठे आहे?"

रमेशभाऊ छताकडे पाहायला लागले. मंदावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "ते तं आमी खाल्ली."

खाली मिल धडधडत होती, पण मला वाटलं जगातली सगळी यंत्रं थांबली. मॅडमच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला तरी त्यांनी तो पुसला नाही.

"सगळी?"

"शिजली नाही म्हनून गाईले टाकली उरलेली. पन गाईनंबी तोंड फिरवलं."

मॅडम हळूच खुर्चीत टेकल्या. "रमेशभाऊ, कराराच्या आधी मी तुम्हाला सांगितलं होतं, सीलला हात लावू नका."

"मॅडम, तूर घेतली अन् शिजवून नाही पाह्यली, तं मंग पाह्यलं काय?" रमेशभाऊंचा आवाज रडवेला झाला. "आता कसं?"

इथं माझा अपराध कबूल करतो. अकोल्यात कुठलंही सील हुबेहूब करून देणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. मी घसा खाकरून म्हटलं, "मॅडम, पिशवी... होऊ शकते."

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. पाच फुटांना दोन बोटं कमी, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे मान वर करून पाहावं लागलं. "गावंडे, तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही. पुन्हा बोललात तर पहिला साक्षीदार म्हणून तुमचंच नाव देईन."

मी तोंड शिवलं. पण रमेशभाऊंचे कान उघडे होते. त्यांनी त्या माणसाचा पत्ता माझ्याकडून कसा काढला ते विचारू नका, मी बाजारातला माणूस, पत्ते माझ्या तोंडून आपोआप सांडतात. आठ दिवसांत लाल लाखेची नवी पिशवी तयार झाली. आत बाजारातली अख्खी तूर. ही गोष्ट तिघांना माहीत, रमेशभाऊ, मी आणि तो कारागीर. मॅडमना नाही, मंदावहिनींनाही नाही.

सुनावणी व्हिडिओवर होती. तिथली सकाळ, आमची दुपार. ऑफिसात इन्व्हर्टर, जनरेटर, दोन लॅपटॉप, तीन मोबाइल, सगळं मांडलेलं. त्या संस्थेत व्यापाऱ्याच्या बाजूनं कोणीही बोललं तरी चालायचं, म्हणून आमच्या बाजूनं मॅडम एकट्या. पडद्यावर तीन पंच, विक्रेत्याचा मृदू आवाजाचा वकील, आणि पुण्याकडचा एक दुभाषा. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बाहेर. तिथून मला टेबलाखालचं दिसत होतं. वर मॅडमचा आवाज पट्टीनं आखल्यासारखा सरळ चालला होता, आणि खाली त्यांचे दोन्ही गुडघे मिलच्या चाळणीसारखे हलत होते.

रमेशभाऊंची साक्ष सुरू झाली. सुरू होण्याआधी मधल्या म्हाताऱ्या पंचानं बजावलं, की साक्ष चालू असताना साक्षीदाराशी कोणीही बोलायचं नाही, खूणही करायची नाही.

मृदू वकिलानं दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग लोण्यात सुरी घालावी तसं म्हणाला, की खरेदीदाराकडचा सीलबंद नमुना कृपया कॅमेऱ्यासमोर दाखवा.

रमेशभाऊंनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी नायलॉनची पिशवी होती. त्यांचा हात सावकाश तिच्याकडे जायला लागला. पिशवीच्या तोंडातून लाल लाखेचा कोपरा डोकावला.

मॅडमनं तो पाहिला.

मी पुष्कळ भीती पाहिली आहे. बाजारात आग लागलेली पाहिली, पोळ्याला उधळलेला बैल अंगावर आलेला पाहिला. पण त्या दुपारी मॅडमच्या चेहऱ्यावर पाहिली ती वेगळीच. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, डोळ्यांनीही सांगता येत नव्हतं. खोटी पिशवी एकदा कॅमेऱ्यासमोर आली की मिलही गेली, माणूसही गेला, आणि सोबत मॅडमची उभ्या जन्माची पतही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि नजर पडद्यावर खिळवून बसल्या. रमेशभाऊंची बोटं पिशवीच्या बंदापर्यंत पोचली.

"अवो, काय शोधून राह्यले?" दारातून आवाज आला. मंदावहिनी, हातात चहाचा ट्रे. "ते तं आपन खाल्लं ना!"

माईक चालू होता.

लंडन थांबलं. पंच एकमेकांकडे पाहू लागले. म्हाताऱ्यानं विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या? पुण्याच्या दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, की बाई म्हणतात, आम्ही तो खाल्ला.

"काय खाल्लं?"

"पुरावा, महोदय."

रमेशभाऊंनी हात वर घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हो साहेब," ते म्हणाले. "सील मी फोडलं. शिजवून पाह्यलं. माहं चुकलं." आणि टेबलाखालून त्यांनी ती नायलॉनची पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली. तिचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, ती तूर छान शिजली.

म्हाताऱ्या पंचानं मंदावहिनींना बसवायला सांगितलं. वहिनींनी पदर सावरला, ट्रे कुठे ठेवावा कळेना म्हणून मांडीवरच घेतला, आणि शपथ घेतली. मॅडमना त्यांची काहीही तयारी करून घेता आलेली नव्हती. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. भीती आगाऊ भोगायची सोय नाही.

"तुम्ही नक्की काय केलंत?"

"रातभर भिजू घातल्या. सकायी कुकरले लावल्या. सहा शिट्या. दगड! मंग आनखी सहा. दगड! मंग सोडा टाकला. मंग माह्या सासूबाईनं सांगतलं, नारयाची करवंटी टाक, तेबी टाकली. पानी रंगलं, पन दाना काई हालला नाही. मी त्याईले म्हनलं, ह्या घुगऱ्या नाही, छर्रे हायेत. पाखरं मारा."

दुभाष्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं 'करवंटी'ला बराच वेळ घेतला.

मृदू वकील म्हणाला, ओलावा, रंग, तुकडा, सगळं करारात आहे आणि सगळं ठीक आहे. शिजण्याबद्दल करारात एक अक्षर नाही.

तेव्हा मॅडम बोलल्या. इंग्रजीत बोलल्या, पण मला कळेल इतकं साधं. "करारात लिहिलंय, माणसाच्या खाण्यासाठी तूर. जी शिजत नाही ती माणूस खाऊ शकत नाही. आमचा नमुना आम्ही नष्ट केला, ही आमची चूक, मी ती लपवत नाही. तपासनिसाकडे तिसरी पिशवी आहे, तिचं सील शाबूत आहे. ती एखाद्या तटस्थ प्रयोगशाळेत शिजवा. शिजली तर आम्ही हरलो."

सगळी मिल त्यांनी एका कुकरवर लावली होती.

पंचांनी ते मान्य केलं. मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत म्हणे पांढरे कोट घातलेल्या माणसांनी तूर भिजत घातली. आम्हाला निकाल कळवला नाही, तो पंचांकडे गेला. मग वाट पाहणं. त्या तीन महिन्यांत रमेशभाऊंचे कपडे त्यांना मोठे झाले, आणि मिलमध्ये बायका डाळ निवडताना गाणी म्हणेनाशा झाल्या. मॅडम दर बुधवारी यायच्या, आल्या आल्या विचारायच्या, "काही आलं का?" आणि नाही म्हटलं की त्यांना बरंच वाटायचं.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "निवाडा आलाय. मी वाचलेला नाही. छापून घेऊन येते."

आल्या तेव्हा रमेशभाऊंनी मोटर बंद केलेली होती. साठ बायका हातातली सुपं घेऊन पटांगणात उभ्या. टिनाच्या सावलीत मॅडमना खुर्ची दिली. मांडीवर कागदांचा गठ्ठा, चांगली चाळीस पानं.

"मॅडम, शेवटचं पान पाहा ना," रमेशभाऊ म्हणाले.

"शेवटच्या पानावर निकाल असतो. तो कशावर टेकलाय ते आधी पाहू द्या. तुम्ही नाचायला लागाल आणि मधे कुठे अट असेल तर?"

आणि त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक ओळ, बोट ठेवून. पटांगणात इतकी शांतता, की टिनावर कबुतर चाललं तरी सगळे दचकत. बायका कागदाकडे नाही, मॅडमच्या भुवयांकडे पाहत होत्या. भुवई वर गेली की साठ श्वास आत, खाली आली की साठ श्वास बाहेर. अकराव्या पानावर मॅडम थांबल्या आणि दोन पानं मागे गेल्या. रमेशभाऊ मटकन मातीत बसले. मंदावहिनींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतः तिथंच उभ्या राहिल्या. दीड तास गेला. माझ्या हिशोबानं दीड वर्ष.

शेवटचं पान आलं. मॅडमनं ते एकदा वाचलं. चष्मा बदलला, पुन्हा वाचलं.

"माल नाकारला ते योग्य होतं, असं लिहिलंय. सील फोडल्याबद्दल दोन पानं रागावलेत, ते बरोबरच आहे. यादीचा प्रश्न येत नाही."

मंदावहिनी म्हणाल्या, "म्हनजे काय मॅडम?"

"म्हणजे मोटर चालू करा."

मग जो आवाज झाला तो बाळापूरपर्यंत गेला असेल. बायकांनी सुपं वर फेकली, रमेशभाऊ उठता उठता दोनदा पडले, आणि सगळी वरात मिलच्या दारातून आत शिरली. मोटर सुरू झाली. चाळण्या हलल्या. दारातून पिवळ्या धुळीचा लोट बाहेर आला.

मॅडम खुर्चीतच होत्या. मी हसत हसत जवळ गेलो.

"हसू नका, गावंडे," त्या हळूच म्हणाल्या. "मले उठता येऊन नाही राह्यलं. सगळे आत गेले का पाहा. मंग हात द्या."

मी हात दिला. अकोल्याचा मे महिना, लोखंडाचा दरवाजा हाताला चटके देत होता, आणि मॅडमचा तळवा थंडगार, ओलाचिंब. उभ्या राहिल्यावरही त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही.

"आता तरी झालं ना सगळं, मॅडम? आता काहून भेता?"

त्यांनी मिलच्या दाराकडे पाहिलं. आतून रमेशभाऊंचा मोठमोठ्यानं फोनवर बोलल्याचा आवाज येत होता.

"आता ते दुसरा माल मागवतील," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून त्यांचं अकोल्याला येणं बंद झालं. नागपूरला भाचीकडे गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच. पिशवी खांद्यावर घेऊन त्या फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पलीकडे ऑटो उभा होता. एमआयडीसीतला रस्ता भर दुपारी ओसाड असतो. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. नजर पोचेल तिथपर्यंत दोन्ही बाजूंना कुत्रंसुद्धा नव्हतं. ऑटोवाला हात करून बोलावत होता. मॅडम थांबूनच होत्या.